जपानी सुऱ्यांसाठी शिवणीच्या लाकडाची म्यानं : सोलापुरात केलेल्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

धाकटी बहीण पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. तिच्याकडे दोन जपानी सुऱ्या आहेत. एक ग्युतो, म्हणजे सगळ्या कामाची लांब सुरी, पातं २१० मिमी. दुसरी नाकिरी, भाजी चिरायची चौकोनी, १६५ मिमी. ग्युतोच्या गाभ्यात आओगामी नावाचं कार्बन पोलाद आहे, नाकिरीत शिरोगामी, तेही कार्बन पोलादच, आणि नाकिरीवर दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाचा थर आहे. दोन्ही गंजणाऱ्या. लिंबू कापून पाच मिनिटं तशीच ठेवली तर रंग बदलतो.

आत्तापर्यंत या सुऱ्या पुठ्ठ्यात आणि वरून टर्किश टॉवेलात गुंडाळून गाडीनं यायच्या. गेल्या खेपेला ग्युतोच्या टाचेजवळ, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाला, धारेचा मिलिमीटरभर तुकडा उडाला. तो खळगा दगडावर घासून काढण्यात तिची अख्खी संध्याकाळ गेली. प्लॅस्टिकची टोपणं बाजारात मिळतात, पण त्यात ओल धरते आणि कचरा अडकला की पात्यावर ओरखडे उमटतात. म्हणून लाकडी म्यान करायचं ठरवलं.

जपानात याला साया म्हणतात. तिथं ते होनोकीचं, म्हणजे त्यांच्याकडच्या मॅग्नोलियाचं करतात. लाकूड मऊ, तंतूंच्या रेषा एकसारख्या, राळ कमी. तलवारींची म्यानंही त्याचीच, आणि ती भाताच्या खळीनं चिकटवायची पद्धत आहे, कारण पुढं कधी उघडून आतून साफ करावी लागली तर जोड सुटतो. होनोकी इथं मिळणार नाही, तेव्हा इथलं लाकूड शोधायचं.

रचना तीन थरांची: दोन्ही बाजूंना गाल आणि मधे पट्टी. एक गोष्ट सुरुवातीलाच भिंतीवर लिहून ठेवली आणि प्रत्येक निर्णय तिच्यावरच तपासला: पातं गालांनी धरायचं, धार कशालाही लागता कामा नये. धार लाकडाला घासत आत जात असेल तर दर खेपेला सुरी थोडी बोथट होते आणि लाकूड थोडं कापलं जातं. असं म्यान दिसायला छान असलं तरी सुरीचं नुकसानच करतं.

८ फेब्रुवारी

लाकडाच्या वखारीत जाऊन तुकडे आणले. सागवान मनातून आधीच बाद होतं. त्यात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो. पटाशीची धार सागवानावर किती लवकर जाते ते प्रत्येक सुताराला माहीत आहे. जे पटाशीला मारक ते सुरीला चालेल कसं?

बाभूळ आपल्याकडं हवी तेवढी मिळते, आणि घट्टही असते. तिची परीक्षा घेतली. जुन्या विळीचं पातं घासून चकचकीत केलं, त्यावर बाभूळ, पाईन आणि शिवण यांचे ओले तुकडे ओळीनं ठेवले, शेजारी नुसती ओली चिंधी ठेवली आणि रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी बाभळीखाली शाई सांडावी तसा निळसर काळा डाग. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तर तिची साल कातडी कमवायला वापरतात. लोखंडाशी गाठ पडली की ते काळं होतं. पाईनखाली डाग कमी होता, पण तुकडा उचलताना चिकट लागला. राळ. शिवणीखाली चिंधीखाली होता तेवढाच फिका तांबूस गंज, म्हणजे पाण्याचाच. लाकडानं त्यात काही भर घातली नव्हती.

शिवण ठरली. फिकट पिवळसर, वजनाला हलकी, पटाशीखाली लोण्यासारखी नाही पण कुरकुरही करत नाही. नीट वाळली की फारशी वाकत नाही, म्हणूनच वाद्यांना आणि कोरीव कामाला ती पूर्वीपासून वापरतात. तीन फुटांची फळी ४८० रुपयांना मिळाली.

११ फेब्रुवारी

वखारवाल्यानं "एकदम वाळलेलं आहे" म्हणून दिलेली फळी चिरली तर आतला भाग गालाला लावल्यावर गार लागला. ही ओलीची खूण.

सोलापूरच्या पूर्व भागात एक वयस्कर मिस्त्री आहेत. मागाचे लाकडी भाग दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरून वाजवला आणि म्हणाले, "कच्चं आहे. उन्हात ठेवू नका, तडे जातील. आणि एक ऐका, वस्तू जिथं राहणार तिथली हवा लाकडाला आधी लागू द्या." मी म्हटलं, काका, वस्तू पुण्यात राहणार. ते म्हणाले, "मग पुण्याला पाठवा की."

ते मी केलं नाही. पुढं जुलैच्या नोंदीत त्याची किंमत लिहिली आहे.

वाळवण्याची पद्धत: फळी चिरून ८ मिमी जाडीचे तुकडे केले, टोकांना मेण लावलं, मधे सारख्या जाडीच्या काड्या घालून सावलीत थप्पी लावली, वर दोन विटा. एका तुकड्यावर खूण करून तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोलायचा. आजचं वजन ४१२ ग्रॅम. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. ओल मोजायचं यंत्र विकत घेण्यापेक्षा हे बरं, फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

८ मार्च

वजन ३६८ वर येऊन थांबलं. दोन रविवार तेच. कामाला सुरुवात.

ग्युतोची मापं कॅलिपरनं घेतली. टाचेजवळ पात्याची रुंदी ४६ मिमी. पाठीची जाडी टाचेशी २.४ मिमी, मधोमध २.०, टोकाच्या सेंटीमीटरभर अलीकडं ०.९. पाठीची जाडी एका ठिकाणी मोजून चालत नाही, हे पुढच्या नोंदीत दिसेल.

साचा लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा केला. पातं आडवं ठेवून बाजूनं पेन्सिल फिरवताना ती उभी धरायची, तिरकी झाली की साचा एका बाजूला छोटा आणि दुसरीकडं मोठा होतो. धारेवर चिकटपट्टी लावायचा मोह होतो, हाताला सुरक्षित वाटतं म्हणून. पण तिची जाडी मापात येते. पट्टी न लावता पाठीकडून धरूनच काम केलं.

रंधा मारून गाल ५ मिमीचे केले, मधली पट्टी २.६ मिमीची. एवढ्या पातळ फळीला रंधा मारताना ती वाकते, म्हणून खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ती सपाट पाटावर बसवली.

१० मार्च

मधली पट्टी एका फळीतून घोड्याच्या नालासारखी कापली होती: धारेची बाजू, टोक आणि पाठ सलग. टोकाच्या वळणावर ती तुटली. तिथं रेषा आडव्या येतात, सेंटीमीटरभर लाकडाला जोरच राहत नाही. आता तीन वेगळे तुकडे: धारेकडची पट्टी, पाठीकडची पट्टी आणि टोकाचा त्रिकोणी तुकडा. प्रत्येकाच्या रेषा त्याच्या लांबीत. जोड गालांमधे दडतात, बाहेरून फक्त कडेला बारीक रेघ दिसते. धारेकडची पट्टी पात्याच्या धारेपासून २ मिमी लांब ठेवली.

१४ मार्च

सुके तुकडे शिकंज्यात दाबून सुरी घालून पाहिली. टाचेशी घट्ट, टोकाशी खुळखुळाट. साहजिक आहे. पात्याची जाडी टोकाकडं कमी होत जाते, धारेकडंही कमी होत जाते, आणि मधली पट्टी मात्र सगळीकडं २.६. सुरी फक्त टाचेपाशी धरली जाते आणि तिथून टोक हेलकावे खातं. गाडीत ते टोक आतल्या लाकडावर आपटत राहणार.

म्हणून मधली पट्टी उतरती केली. टाचेशी २.४, टोकाशी १.२. मग गालांच्या आतल्या बाजूला, जिथून पाठ सरकते तिथं, उथळ खोबण खरवडायची. किती आणि कुठं ते कळायला पात्याच्या दोन्ही अंगांना बोटानं काजळ फासलं, अगदी पातळ. सुरी आत घालायची, बाहेर काढायची, गाल उघडायचे. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं घासतंय. तेवढंच पटाशीच्या सपाट बाजूनं खरवडायचं आणि पुन्हा काजळ.

हे काम सावकाश करायचं आहे. एका वेळी कागदाच्या जाडीइतकंही लाकूड काढायचं नाही. मला काय हवं होतं तेही सांगतो: सुरी पाऊण भाग सहज आत जावी, शेवटच्या तीन-चार सेंटीमीटरमधे दोन्ही गाल पाठीच्या जवळच्या भागाला हलके धरावेत, आणि धारेच्या पट्ट्यात काजळाचा एकही ठिपका नसावा. तोंड खाली करून हलवलं तर सुरी निसटू नये, पण काढताना झटका द्यावा लागू नये. रात्री उशिरा एका गालावर धारेच्या रेघेत काळा ठिपका दिसला, डाळीएवढा. तिथली मधली पट्टी किंचित वाकलेली होती. ती बदलली.

२१ मार्च

चिकटवलं. पांढरा डिंक ब्रशनं सगळीकडं फासला, शिकंजे आवळले, आणि जास्तीचा डिंक बाहेर आला तसा आतही शिरला. आत शिरलेला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सुरी टोकापासून चार सेंटीमीटर अलीकडं अडली. आत वाळलेल्या डिंकाची गाठ. पातळ पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून घासायचा प्रयत्न केला, पण गाठ रबरासारखी, निघेना. शेवटी जोडात पटाशी घालून म्यान उघडलं, त्यात एक गाल चिरला आणि गेला. चिकटवण्यापर्यंतची सगळी मेहनत त्या गालावर होती. भाताची खळ का वापरत असतील ते इथं हातानं कळलं.

नवा गाल केला. या वेळी मधल्या पट्टीच्या आतल्या कडेपासून ३ मिमी जागा कोरडी सोडली आणि त्या जागेत सुरीच्या टोकानं एक बारीक खाच ओढली, म्हणजे सरकलेला डिंक खाचेत थांबतो. शिकंजे लावल्यावर लगेच दुधाच्या पिशवीची लांब पट्टी कापून आतून दोनदा ओढून घेतली, जो काही डिंक आला तो पिशवीला लागून बाहेर. दाब सगळीकडं सारखा हवा म्हणून दोन्ही बाजूंना जाड प्लायचे तुकडे लावले.

डिंकात पाणी असतं. बाहेरून वाळला तरी आत ओल राहते. आठवडाभर सुरी आत घालायची नाही, विशेषतः लोखंडी थराची नाकिरी.

१२ एप्रिल

ऊन चाळिशीच्या वर गेलं आहे. दुपारी डिंक फासून दुसरा गाल उचलेपर्यंत पहिल्यावर साय धरते आणि जोड कच्चा राहतो. चिकटवायचं काम पहाटे. आकार देणं, घासणं दिवसा चालतं.

बाहेरून आकार दिला. कडा नुसत्या गोल केल्या नाहीत. धारेकडची बाजू जाड ठेवली, ८ मिमी भरीव लाकूड. याचं कारण सुरक्षेचं आहे. जोड कधी सुटलाच तर धार त्या फटीतून बाहेर येते. म्हणून म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला गुंडाळायची नाहीत. दोन्ही गालांवर अंगठा आणि बोटं, आणि काढताना ओढण्याऐवजी अंगठ्यानं म्यानाचं तोंड पुढं ढकलायचं. बहिणीला हे दोनदा करून दाखवायला लावलं.

टोकाशी, धारेच्या खालच्या बाजूला, ३ मिमीचं भोक पाडलं. चुकून पाणी गेलं तर निथळायला आणि हवा खेळायला.

१९ एप्रिल

खुंटी. म्यानाच्या तोंडाजवळ आरपार एक काडी असते, ती सुरीच्या टाचेच्या मागं येते आणि सुरी मागं सरकू देत नाही. बांबूची केली. लोखंडी पट्टीला ५ मिमीचं भोक पाडून, चिरलेली बांबूची काडी त्यातून हातोडीनं ठोकत ठोकत बाहेर काढली की काडी एकसारखी गोल होते. मग एका टोकाकडं पॉलिश पेपरनं किंचित निमुळती केली.

भोक सुरी आत ठेवूनच आखायचं, आणि सुरी बाहेर काढून पाडायचं. टाचेच्या मागं १ मिमी. मागच्या बाजूला भंगार लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरला नाही तर ड्रिल बाहेर पडताना चकती उडते. खुंटीला दोरी लावली की ती हरवत नाही. दोरी इथल्याच मागावरच्या सुताची, चादरीत जातं ते जाड रंगीत सूत, चार पदर पिळून. लाल आणि हिरवं. बहिणीला हाच भाग सगळ्यात आवडला.

२६ एप्रिल

पॉलिश. करडईचं तेल वापरून पाहायची इच्छा होती, कारण ते वाळणाऱ्या तेलांपैकी आहे आणि आपल्याकडं घरोघर असतं. भंगार तुकड्यावर लावलं. वाळतं, पण फार सावकाश, आणि जाड थर चिकट राहतो. त्याच तेलाचा हात विळीच्या पात्याला लावून ठेवला होता, तिथं काही दिवसांनी पिवळट चिकट पापुद्रा आला. पात्याला गंजापासून वाचवायला करडईचं तेल लावू नका. जपानात त्यासाठी कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. इथं औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चालतं. ते वाळत नाही, खवट होत नाही, एक थेंब पुरतो.

बाहेरून चपडा लाख स्पिरिटमधे विरघळवून, सुती बोळ्यानं पातळ हात दिले. आतून काहीच लावलं नाही.

३ मे

नाकिरीचं म्यान झालं. चौकोनी पातं, टोकाचा प्रश्न नाही, पाठीची जाडीही टाचेपासून पुढपर्यंत जवळजवळ तीच. ग्युतोच्या मानानं फार सोपं. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी नाकिरीनं करावी.

६ जुलै

पुण्याहून फोन: "दादा, ग्युतो बाहेरच येईना. दोन हातांनी ओढली तेव्हा निघाली."

दोन हातांनी ओढलेली सुरी निघते तेव्हा एकदम निघते. हात कापला नाही हे नशीब. तिला सांगितलं, म्यान वापरू नकोस, पुठ्ठा लाव. म्यान हुतात्मा एक्स्प्रेसनं येणाऱ्या नातेवाइकाबरोबर मागवून घेतलं.

९ जुलै

उजेडाकडं धरून तोंडातून आत पाहिलं. दोन्ही गाल मधोमध आत फुगले आहेत. बाहेरून स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर मधे प्रकाशाची फट दिसते, म्हणजे बाहेरची बाजू खोलगट झाली आहे. कारण सरळ आहे. बाहेर लाख, आत उघडं लाकूड. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बनलेलं म्यान पुण्याच्या पावसाळी हवेत गेलं. ओल फक्त आतल्या बाजूनं शिरली, ती बाजू रुंदीत फुगली आणि गाल आत वळले. नाकिरीच्या म्यानातही हे झालं आहे, पण तिथं खोबण मुळात थोडी सैल होती म्हणून निभावलं. मिस्त्री काका लाकूड पुण्याला पाठवायला सांगत होते ते यासाठीच.

२० जुलै

आधी म्यान तसंच आठवडाभर कपाटात, बाहेरच्या लाखेचा थर स्पिरिटनं पुसून काढून. आतबाहेर सारखी ओल पोचली तसे गाल बरेचसे सरळ झाले. मग पातळ स्टीलच्या पट्टीला २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, काजळाच्या खुणा बघत, आतून थोडं घासलं. उघडावं लागलं नाही.

नंतर आतल्या बाजूलाही लाखेचा पातळ हात दिला: पट्टीला चिंधी गुंडाळून, लाख अगदी पातळ करून, दोनदा. बाहेरही तेवढेच हात. दोन्ही बाजूंना सारखं आवरण असेल तर ओल दोन्हीकडून सारख्या वेगानं आत-बाहेर करते. आतली लाख पूर्ण वाळायला उघड्या तोंडानं दहा दिवस ठेवायची, वास गेला की सुरी घालायची. पुढचे गाल ५ ऐवजी ६ मिमीचे करणार, आणि चिरलेले तुकडे आधी तिच्या खोलीत महिनाभर राहणार.

२ ऑगस्ट

आजवर आलेला खर्च: शिवण ४८०, दोन शिकंजे ३६०, पॉलिश पेपर १२०, फेविकॉल ९०, चपडा आणि स्पिरिट २१०, स्टीलची पट्टी ६०. रंधा, पटाशा, ड्रिल आणि कॅलिपर घरचे होते, ते धरले नाहीत. लाकूड अजून दोन म्यानांपुरतं उरलं आहे.

वापराबद्दल बहिणीनं ठरवलेला नियम, जो मला पटला: सुरी धुऊन, पुसून, दहा मिनिटं उघडी ठेवून मगच म्यानात. रात्रभर स्वयंपाकघरात ठेवायची तर भिंतीवरच्या चुंबकी पट्टीवर, म्यान फक्त प्रवासाला.

पुढचं काम तिच्या सहकाऱ्याच्या देबाचं आहे, मासे कापायची जाड सुरी. पाठ टाचेशी ७ मिमी, आणि धार एकाच बाजूनं काढलेली. मागची बाजू सपाट, मधे किंचित खोल. दोन्ही गाल सारखे खरवडले तर पातं तिरकं बसेल आणि धार एका गालाला टेकेल. म्हणून तीन थर सोडून दोनच भाग करणार: मागच्या बाजूचा गाल सपाट ठेवायचा आणि सगळी खोबण पुढच्या जाड भागात कोरायची. १४ मिमीचे तुकडे चिरून, टोकांना मेण लावून बांधून ठेवले आहेत. ते बुधवारी पुण्याला जातील.